मानाचा कापूस

९ जानेवारी

आज पुन्हा एक माणूस कोंबडीची पिल्लं विचारत आला. सेंटरच्या दारावर ‘नवउद्योग उबवण केंद्र’ अशी पाटी लावल्यावर तो बिचारा तरी काय समजणार! आमचे शिपाई नत्थूजी त्याला म्हणाले, "पिल्लं निंघतात जी इथं. पन पंख फुटले का सारी पुन्याले उडून जातात." मी आत ऐकत होते. आधी हसू आलं, मग राग आला, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी पुण्याची चांगली नोकरी सोडून मी या विद्यापीठात आले ती हे सेंटर चालवायला. विद्यापीठाने नुसत्या पदव्या वाटू नयेत, त्याच्या प्रयोगशाळेतून सेलूत, हिंगणीत, पुलगावात कारखाने उभे राहावेत, इथल्या मुलांना इथेच काम मिळावं, असं माझं म्हणणं. म्हणणं अजूनही तेच आहे. पण फवारणीचं ड्रोन केलेली मुलं पुण्याला गेली आणि माती तपासणारा हैदराबादला. जिल्ह्याचं विद्यापीठ म्हणजे फलाट झालंय. आम्ही चहा पाजतो आणि गाडीत बसवून देतो.

आजच्या बैठकीत कुलगुरू फार गोड बोलले. गोड बोलले की मी सावध होते. म्हणाले, "जयाताई, या वर्षात एक तरी कंपनी या जिल्ह्यात उभी दिसली पाहिजे. नाहीतर ती इमारत परीक्षा विभाग मागतोच आहे." म्हणजे माझ्या सेंटरमध्ये उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवणार. ‘या वर्षात’ म्हणजे नेमकं कधीपर्यंत, हे विचारायचं धाडस झालं नाही.

आता सगळी भिस्त अपेक्षा आणि आदेशवर. दोघं इलेक्ट्रॉनिक्सचे, माझेच विद्यार्थी. त्यांनी कापसातला ओलावा मोजायचं यंत्र केलंय. दोन लांब सुया कापसात खुपसायच्या, ओल जास्त तर वीज जास्त वाहते, पडद्यावर आकडा येतो. ओला कापूस सरकी काढायला जिनिंगमध्ये आला की त्याची गंजी आतून तापते आणि माल पिवळा पडतो. व्यापारी म्हणतो ओला, शेतकरी म्हणतो सुका, आणि रोज वाद. आकडा आला की वाद संपेल. उद्या सेलूला पुंडलिकरावांच्या जिनिंगमध्ये दाखवायचं आहे.

१० जानेवारी

फजिती झाली. दुसरा शब्द नाही.

यंत्र म्हणालं कापूस सुका. पुंडलिकरावांनी मूठभर कापूस गालाला लावला आणि म्हणाले, "बाई, हा ओला हाय. तुमची मशीन सुका म्हणून राह्यली. मंग मी कोनाचं आयकू, गालाचं का मशीनचं?" हमाल हसले. अपेक्षा गंजीवर चढून जागोजाग सुया खुपसत राहिली. आदेश मोबाईल बघत उभा होता.

तोच कापूस प्रयोगशाळेच्या भट्टीत वाळवून तोलला. पुंडलिकरावांचा गाल बरोबर होता.

१८ जानेवारी

आदेश पेढे घेऊन आला. पुण्याची नोकरी. "घरचे इचारून राह्यले होते मॅडम, किती दिवस थांबू?" मी म्हटलं, बरोबर आहे. पेढा खाल्ला. नत्थूजींनी दोन खाल्ले.

तो गेल्यावर अपेक्षाने त्याच्या टेबलावरची वायरींची गुंडाळी आपल्या टेबलावर घेतली आणि कामाला लागली. मी विचारलं, "तुझं काय?" तर म्हणाली, "माझं काय मॅडम? चूक सापडली पाह्यजे ना आधी."

३ फेब्रुवारी

चूक अजून सापडली नाही. सर्किट दोनदा नव्याने बांधलं. सुया बदलल्या. काही फरक नाही.

पण एक गोष्ट लिहून ठेवते. हे दिवस चांगले चालले आहेत. अपेक्षा सकाळच्या एसटीने हिंगणीहून येते. तिची आई यशोदाबाई दोघींचा डबा देते. कधी झुणका, कधी वांग्याचं भरीत, आणि भाकरी कापडात बांधलेली. पुण्यात मी वीस वर्षं कँटीनच्या ताटात जेवले. पुलगावला आमचं कापडाचं दुकान होतं तेव्हा घरात जेवायला इतकी माणसं असत की मुलींची पंगत शेवटी बसायची. आता दुकान नाही, आईबाबा नाहीत, भाऊ नागपूरला आहे. तो दिवाळीला फोन करतो.

संध्याकाळी सहाच्या एसटीला मी अपेक्षाला फाट्यापर्यंत सोडायला जाते. पाय मोकळे होतात म्हणून जाते. गाडी वळणाआड जाईपर्यंत थांबते आणि मग क्वार्टरवर येते. क्वार्टर चांगलं आहे, नवीन आहे, बोललं की आवाज घुमतो.

११ फेब्रुवारी

सापडली! आणि काय सापडली! हसून हसून पोट दुखलं.

यंत्राला शिकवायला आम्ही मागच्या ऑक्टोबरात गावोगावचे नमुने गोळा केले होते. प्रत्येक नमुन्यात खरी ओल किती हे भट्टीत काढायचं, त्यावर यंत्राचा आकडा बसवायचा, अशी पद्धत. पोरं गावात पोचली ती नेमकी पहिल्या वेचणीच्या दिवशी. त्या दिवशी इकडे बायका शेतात सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, पहिला वेचा ओटीत घ्यायचा आणि त्यावर दह्याचं पाणी शिंपडायचं. मी दुकानदाराची मुलगी, मला कापूस माहीत तो कापडाच्या ठाणातला. विद्यापीठाची मुलं दारी आलेली पाहून यशोदाबाईंनी आणि त्यांचं पाहून गावोगावच्या बायकांनी तोच पहिला कापूस पिशव्यांत भरून दिला. मानाचा कापूस!

आमच्याकडे येईपर्यंत तो वाळला. ओल उडून गेली, दह्यातले क्षार राहिले. क्षारांमुळे वीज जास्त वाहिली. वीज इतकी वाहूनही कापूस सुकाच असतो असं बिचारं यंत्र शिकलं. मग खरा ओला कापूस समोर आला तरी ते सुका म्हणणारच!

आज डब्यात ताक होतं. ते पिता पिता अपेक्षा एकदम थांबली आणि कपाळावर हात मारून घेतला.

मी विचारलं, "तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं मॅडम. माझ्यासमोरच त शिंपडलं आईनं. पन मानाचा कापूस कोनी देत अशीन त नाई कसं म्हनावं? साधा द्या म्हटलं असतं त थे लोकं काय म्हनले असते?"

खरंच, काय म्हणाले असते! या चुकीचा शोधनिबंध कुठे छापून येणार नाही, पण माझ्या आयुष्यातली ही सगळ्यांत आवडती चूक आहे.

६ मार्च

आज पुंडलिकरावांकडे पुन्हा गेलो. नवे नमुने, सगळे साध्या कापसाचे. यंत्राचा आकडा आणि भट्टीचा आकडा जुळले. पुंडलिकरावांनी सवयीने कापूस गालाला लावला आणि म्हणाले, "आता गालाले सुट्टी द्या लागते." पुढच्या हंगामासाठी त्यांना यंत्रं हवी आहेत. ते केळझरच्या जिनिंगवाल्यालाही सांगणार आहेत.

परतताना मी गाडीत बेत सांगत होते. शेजारची खोलीही अपेक्षाला देऊ, दोन मुलं हाताखाली देऊ, भिंतीला नवा रंग देऊ. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मॅडम, मी हिंगणीले जागा पाह्यली. आमच्या काकाची बंद पिठाची गिरनी हाय. तिथं बनवतो म्हणतो. गावात चार पोरी हायत, आयटीआय झालेल्या, घरीच बसून हायत. त्याहिले रोज इथपर्यंत कोन येऊ देईन?"

मी म्हटलं, "बघू."

नियम असा आहे की विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जे तयार होतं त्यावर हक्क विद्यापीठाचा. बाहेर नेऊन बनवायचं तर सेंटरच्या संचालकाने सही करून परवानगी द्यायची. संचालक मीच.

पिठाच्या गिरणीत इलेक्ट्रॉनिक्स! पीठ उडेल सगळीकडे. इथे प्रयोगशाळा आहे, एसी आहे, मी आहे. हिला घाई कसली झाली आहे?

११ मार्च

अपेक्षाने अर्ज दिला. सही करायचीच आहे. आज वेळ झाला नाही.

२ एप्रिल

फाईल एका समितीला दाखवावी असं मी ठरवलं. नियमात तशी गरज नाही, पण घाईने केलेलं काम पुन्हा फसलं तर? दह्याचा प्रकार मी विसरलेले नाही. आणखी एक हंगाम इथेच चाचण्या घेतल्या तर काय बिघडेल? हे तिच्याच भल्याचं आहे. तसं तिला सांगितलं. ती "हो मॅडम" म्हणाली आणि डबा उघडला. आज बोलणं फारसं झालं नाही. उन्हाचा त्रास होत असावा.

१९ मे

सुट्ट्या. कॅम्पसमध्ये चिटपाखरू नाही. दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही इतकं तापतं. नत्थूजी येतात, माठ भरतात आणि पंख्याखाली पेपर वाचत बसतात. समितीचं काही आलं नाही, कारण समितीतले दोघंही गावाला गेले आहेत.

अपेक्षा पंधरवड्यापासून आली नाही. येऊन काय करेल, काम अडलंय. आज तिच्या हाती यशोदाबाईंनी पाठवलेली लोणच्याची बरणी नत्थूजींनी आणली. ती फाट्यावर देऊन तशीच परतीच्या गाडीने गेली म्हणे. आत का आली नाही, विचारलं. नत्थूजी म्हणाले, "गाडी सुटून राह्यली होती म्हने."

लोणचं चांगलं मुरेल. एकटीला ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरेल.

सहाला फाट्यापर्यंत चालून आले. पाय मोकळे झाले.

२४ जून

मी इतकी चिडले आहे की अक्षर नीट येत नाही. हैदराबादच्या कंपनीने अपेक्षाला नोकरी देऊ केली. यंत्राबद्दल कुठेतरी वाचलं असणार. चांगली जागा, राहायची सोय, सगळं. ती आज मला ते सांगायला आली होती.

मी म्हटलं, "तू तरी जाऊ नकोस. तूही गेलीस तर या जिल्ह्यात राहील कोण?" आणखीही बरंच बोलले. फलाटाचं बोलले, पिल्लांचं बोलले. आवाज चढला होता माझा.

ती पदराशी चाळा करत होती. तिला साडीत मी पहिल्यांदाच पाहत होते, कुणाच्या तरी लग्नाहून परस्पर आली होती. मग हळू म्हणाली, "मॅडम, मले हैदराबादले कुठी जायचं हाय? मी त हिंगणीले जातो म्हणून राह्यली. तुम्हीच जाऊ देऊन नाई राह्यल्या."

एवढं बोलून ती उठली.

दारातून म्हणाली, "पोळ्यापर्यंत वाट पाह्यतो. पोळ्यानंतर सामान मागवून उपेग नाई, दसऱ्याले कापूस फुटते. मंग हैदराबादवाल्याहिले हो म्हना लागन. घरी बसून आईच्या हातचं किती खाऊ?"

मला ती उद्धट वाटली. हे आत्ता लिहिताना मात्र तितकी वाटत नाही.

२६ जुलै

नागपूरला परिसंवाद होता. विषय आमचाच, विद्यापीठं आणि त्या-त्या भागातले नवे उद्योग. माझं भाषण छान झालं, उगाच विनय कशाला! मी म्हटलं, ज्ञान फाटकाबाहेर गेलं पाहिजे. कुंपण शेताला हवं, विद्यापीठाला नको. आपण घडवलेली गोष्ट आपल्या हातून सुटली तरच ती गावाची होते. टाळ्या थांबेनात. एका तरुण प्राध्यापिकेने विचारलं, "मॅडम, तुमच्या सेंटरमधून असं गावात गेलेलं एखादं उदाहरण सांगाल?" मी म्हटलं, "एक आहे. मार्गावर आहे."

परत येऊन सेंटर उघडलं. शाल आणि नारळ टेबलावर ठेवायला जागा करत होते. समितीकडून परत आलेली फाईल तिथेच होती. हरकत नाही असा शेरा घेऊन ती तीन आठवडे पडून आहे. नत्थूजी टेबल पुसतात ते फाईलच्या चारी बाजूंनी पुसतात. मी ती उचलली, धूळ झाडली आणि परत ठेवली.

२० ऑगस्ट

नत्थूजी पोळ्याची रजा मागायला आले. रजेच्या अर्जावर मी सही केली तरी उभेच.

म्हणाले, "पोळा परवा हाय मॅडम."

"मला माहीत आहे."

"तुमाले माईत हाय थे मले माईत हाय," म्हणाले आणि गेले.

मग मी फाईल ओढली आणि सही केली. पेन चाललं, आभाळ कोसळलं नाही. तिला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "खरंच मॅडम?" आणि मागे यशोदाबाईंना ओरडून सांगताना ऐकू आलं. मग फोन कट झाला, का तिने ठेवला, कोण जाणे.

आता खरं लिहिते. इथे नाही तर कुठे लिहिणार? मुलं पुण्याला जातात, हैदराबादला जातात, जिल्हा रिकामा होतो, याचं मला दुःख आहे असं मी आजवर समजत होते. भाषणांत तेच सांगत आले. हिंगणी तर जिल्ह्यात आहे. तालुक्यात आहे. एसटीने अर्ध्या तासाची वाट. तरी मला तेवढंच वाईट वाटलं. तिच्या डब्यावाचून माझी दुपार जात नव्हती, आणि मी त्याला चाचणी म्हणत होते. चार पोरी घरी बसून राहिल्या, तीही राहिली, आणि मी फाईलची धूळ झाडत होते. लाज वाटली.

२८ ऑगस्ट

टेम्पो आला. अपेक्षा, तिचे काका आणि दोन मुली. टेबल, मीटर, वायरींची खोकी, सगळं गेलं. भट्टी सेंटरचीच, ती राहिली. जाताना अपेक्षा पाया पडली. मी म्हटलं, "पिठापासून सांभाळ." ती हसली, "सारी गिरनी धुऊन काढली मॅडम, पोरीहिनं."

खोली झाडल्यावर मोठी दिसते.

१५ सप्टेंबर

कुलगुरूंनी अभिनंदन केलं. पेपरात चौकट आली, फोटोत मी आणि कुलगुरू. यंत्र कुठेच नाही. इमारत सेंटरकडेच राहील. पुढच्या वर्षी दोन कंपन्या हव्यात म्हणाले, फार गोड बोलले.

नवीन एकही मुलगा किंवा मुलगी अजून आलेली नाही. आज फक्त पिल्लं विचारायला एक बाई आली होती. तिला बसवून चहा दिला. नत्थूजी बघतच राहिले.

२६ ऑक्टोबर

रविवार. यशोदाबाईंचा निरोप होता, पहिली वेचणी आहे, याच. मी एसटीने गेले.

आधी गिरणी पाहिली. भिंती पांढऱ्या, जात्याच्या जागी लांब टेबल, त्यावर चार मुली मान खाली घालून वायरींना सोल्डरिंगचे डाग देत होत्या. एकीने वर पाहून "नमस्कार मॅडम" म्हटलं आणि पुन्हा मान खाली घातली. पुंडलिकरावांची यंत्रं गेली होती, केळझरची तयार होत होती. अपेक्षा एका मुलीला म्हणत होती, "अवं घाई नोको करू, तुटन त पुन्हा लावा लागन." मी असंच बोलायचे. ती पुढे काय म्हणणार तेही मला माहीत होतं आणि ती तेच म्हणाली.

मग शेतात गेलो. बायकांनी दहीभाताचा नैवेद्य दाखवला. यशोदाबाईंनी पहिला वेचा ओटीत घेतला, दह्याचं पाणी शिंपडलं आणि सरळ माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "धरा बाई, पदर पुढे करा. मानाचा हाय."

मी ड्रेस घातला होता, ओढणी पुढे केली. ओला, गार कापूस ओटीत पडला. अपेक्षा लांबून ओरडली, "मॅडम, त्याले सुया नोका लावू बरं!" सगळ्या बायका हसल्या, त्यांना ती गोष्ट पाठ होती. मीही हसले. आणि डोळे भरून आले ते काही केल्या लपेनात. यशोदाबाईंनी दहीभाताचं पान हातात दिलं आणि शेजारी बसल्या.

सहाच्या एसटीला अपेक्षा मला सोडायला आली. मी खिडकीशी बसले. "येत जाजा मॅडम," ती म्हणाली. तेवढ्यात गिरणीच्या दारातून एका मुलीने हाक मारली, काहीतरी अडलं होतं. अपेक्षाने माझ्याकडे पाहून हात केला आणि वळली. गाडी अजून सुटली नव्हती. ती जवळजवळ पळतच गेली.

मी फाट्यावर रोज गाडी वळेपर्यंत थांबत होते. तिला थांबायला वेळ नव्हता. हेच तर व्हायला हवं होतं. यासाठीच मी पुणं सोडलं, यासाठीच भांडले, यासाठीच ते सेंटर आहे. हे सगळं मला पटत होतं आणि तरी सेलू येईपर्यंत मी मागे वळून वळून बघत होते.

कापूस ओढणीत तसाच बांधून आणलाय. खिडकीत वाळत ठेवलाय. सगळ्या घराला दह्याचा वास येतो आहे.